पडत्या काळातल्या टीमकडे मोठा कोच येतो का?

बॉइलर_पुणेकर

२८ नोव्हेंबर २०२५, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. वेस्ट लाफायेटचं रॉस-एड स्टेडियम. थंडी अशी की थर्मासमधला चहा कपात ओतून तोंडाला लावेपर्यंत कोमट व्हायचा. मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी, दोघं पर्ड्यूच्या काळ्या-सोनेरी टोप्या घालून बसलो होतो. तिसऱ्या क्वार्टरनंतर आमच्या आजूबाजूला इंडियानावाल्यांची लाल जाकिटंच जास्त उरली. आपली माणसं उठून घरी गेली होती. इंडियाना ५६, पर्ड्यू ३. गाडीकडे चालताना मुलीने विचारलं, "बाबा, आपली टीम आधी जिंकायची का?"

तिला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: हेल्मेट घालून खेळतात ते अमेरिकन फुटबॉल, आणि इथे बोलतोय ते कॉलेजांचं. गावंच्या गावं या शनिवारच्या मॅचेसवर जगतात. पर्ड्यू आणि इंडियाना ही एकाच राज्यातली दोन सरकारी विद्यापीठं. दोघांच्या मॅचला १९२५ पासून एक जुनी लाकडी बादली बक्षीस आहे, विहिरीवरची ओक लाकडाची. दरवर्षी जिंकणाऱ्याच्या नावाचं अक्षर साखळीत अडकवतात. पहिल्याच वर्षी मॅच ०-० सुटली, म्हणून पहिली कडी 'आय-पी' अशी जोडाक्षराची आहे. त्या साखळीत आमची अक्षरं जास्त आहेत. गेल्या दोन कड्या मात्र त्यांच्या, आणि दोन्ही वेळा आमची लाज निघाली: २०२४ ला ६६-०, २०२५ ला ५६-३.

मी २००४ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला पर्ड्यूला आलो. ऑक्टोबरात रूममेटने ओढून मॅचला नेलं. पर्ड्यू तेव्हा देशात पाचव्या नंबरवर होती, समोर विस्कॉन्सिन. मला नियम कळत नव्हते. शेवटची काही मिनिटं उरली होती, आपण पुढे होतो, आणि आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि बॉल फेकणारा खेळाडू, काइल ऑर्टन बॉल घेऊन पळाला. धडक बसली, हवेत गिरकी खाल्ली, बॉल सुटला. विस्कॉन्सिनच्या स्कॉट स्टार्क्सने तो उचलून ४० यार्ड पळत टचडाउन केलं. २०-१७. साठ हजार माणसांचा आवाज एका क्षणात बंद झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शेजारचा अनोळखी मुलगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्या दिवसापासून ही टीम माझी आहे.

आज स्थिती अशी: २०२४ ला १-११ (म्हणजे एक विजय, अकरा पराभव), २०२५ ला २-१०. बिग टेन कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा आमचा गट, त्यातल्या दोन वर्षांच्या १८ पैकी १८ मॅच हरलो. रायन वॉल्टर्सना दोन वर्षांत ५-१९ झाल्यावर काढलं, त्यांच्या जागी बॅरी ओडम आले. ओडम वाईट नाहीत. लास व्हेगसच्या यूएनएलव्हीत दोन वर्षांत १९-८ करून आलेत. पण ऑफिसातला प्रत्येक जण ऐकवतो: "खरा मोठा कोच तुमच्याकडे कशाला येईल?"

हे खरं आहे का? हरणाऱ्या टीमकडे अव्वल कोच येऊ शकतो का, आणि आला तर कशाच्या जोरावर? माझं मत आहे, पण आधी तुमचं ऐकायचंय.

कोलंबस_४६

दादा, मी लाल जाकिटवाला. पण त्या रात्री तुमच्यासाठी वाईट वाटलं हे मनापासून सांगतो, कारण तुमच्या जागी आम्ही आयुष्यभर बसलोय.

मी पुण्याहून कमिन्समध्ये बदली होऊन इथे कोलंबस, इंडियानाला आलो. इथे आमच्यासारखी बरीच घरं आहेत. रस्ता नंबर ४६ ब्राउन काउंटीच्या टेकड्यांतून थेट ब्लूमिंग्टनला जातो. मी आलो तेव्हा शनिवारी तिकीट मागायची गरज नसायची, कोणी ना कोणी फुकट द्यायचं. विद्यार्थी बाहेर पार्किंगमध्ये शेकोटीपाशी थांबायचे, मॅच सुरू झाली तरी आत यायचे नाहीत. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वांत जास्त पराभव तेव्हा कोणाचे, तर आमचे. ७०० च्या वर. एकट्याने जिंकलेली तोवरची शेवटची बिग टेन १९४५ ची, महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हाची. वाटून घेतलेली १९६७ ची. बोलमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या खास मॅचमध्ये, तोवरचा शेवटचा विजय १९९१ चा. गावातले म्हातारे या तारखा पाढ्यासारख्या म्हणायचे.

आता एक तारीख बघा. २५ नोव्हेंबर २०२३. तुमच्याच रॉस-एडमध्ये तुम्ही आम्हाला ३५-३१ हरवलंत. तुम्ही सीझन ४-८ वर संपवलात, आम्ही ३-९ वर. दोघं एकाच खड्ड्यात होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजने कोच टॉम ॲलन यांना काढलं. करार मोडण्यासाठी त्यांना १५.५ मिलियन डॉलर द्यावे लागले. गावात शिव्याशाप झाले की एवढ्या पैशात काय काय झालं असतं. आणि ३० नोव्हेंबरला नाव जाहीर झालं: कर्ट सिग्नेटी.

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी ते नाव ऐकलं होतं? मी नव्हतं ऐकलं. वय ६२. बिग टेनमध्ये कधी हेड कोच नाही. पण त्यांचा प्रवास बघा. निक सेबन या दिग्गज कोचच्या हाताखाली अलाबामात असिस्टंट होते, सर्वांत मोठ्या दुकानात. २०११ ला ती नोकरी सोडून, पगार कमी घेऊन, पेनसिल्व्हेनियातल्या आययूपी या डिव्हिजन टूच्या, म्हणजे खालच्या पायरीवरच्या, कॉलेजात गेले, कारण स्वतः हेड कोच व्हायचं होतं. तिथे वडीलही कोच होते. मग एलॉन कॉलेजची टीम, जी आदल्या वर्षी २-९ होती. तिला पहिल्याच वर्षी प्लेऑफला नेलं. मग जेम्स मॅडिसन, पाच वर्षांत ५२-९. जिथे गेले तिथे जिंकले. पत्रकारांनी विचारलं, इथे खेळाडू येतील असं त्यांना कसं पटवता? म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करा."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२४ ला ११-२. २०२५ ला एकही मॅच हरले नाहीत. ८ नोव्हेंबरला पेन स्टेटविरुद्धची मॅच चालू होती तेव्हा आम्ही दिवाळीच्या कार्यक्रमाच्या हॉलमध्ये होतो. स्टेजवर लहान मुलांचा नाच, मागे सहा बापे एका फोनवर वाकलेले. ३६ सेकंद उरली असताना ओमर कूपरने एंड झोनच्या कडेला पायाचा अंगठा टेकवून बॉल पकडला, आणि आम्ही ओरडलो. स्टेजवरची पोरं घाबरून थांबली. नंतर मी प्रत्येक आईची माफी मागितली. जानेवारीत मायामीला हरवून राष्ट्रीय विजेते झालो, १६-०.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: येतो. फक्त तो आला तेव्हा त्याला कोणी मोठा म्हणत नव्हतं.

नवखा_प्रेक्षक

धागा आवडला. एक भाबडा प्रश्न. क्रिकेटमध्ये आपण कप्तानाला श्रेय देतो, कोच मागे असतो. इथे कोचला एवढं महत्त्व का? बातमीत वाचलं की त्या सिग्नेटींना वर्षाला ११ मिलियनच्या वर मिळतात. म्हणजे शंभर कोटी रुपये! एका कॉलेजच्या मास्तरला?

बॉइलर_पुणेकर

भाबडा अजिबात नाही, हाच कळीचा प्रश्न आहे.

प्रोफेशनल टीममध्ये खेळाडू निवडायला वेगळी माणसं असतात, आणि खेळाडू करारात बांधलेला असतो. कॉलेजात मुलगा चार-पाच वर्षांसाठी येतो आणि जातो. म्हणजे दरवर्षी टीमचा एक मोठा तुकडा गळून पडतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून, "तुमचा मुलगा माझ्याकडे पाठवा" हे सांगणारा माणूस म्हणजे हेड कोच. मग त्याला शिकवणारा, सकाळी सहाला व्यायामाला उठवणारा, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, जायचं की नाही ठरवणारा, पैसेवाल्या माजी विद्यार्थ्यांना जेवायला नेणाराही तोच. कॉलेजात टीमचा चेहरा कोचच असतो, कारण खेळाडू बदलत राहतात.

गेल्या पाच वर्षांत हे काम आणखी वाढलं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली, त्याला एनआयएल म्हणतात. ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात गेला तरी त्याला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देतात, पहिल्या वर्षी साधारण २०.५ मिलियन डॉलरच्या मर्यादेत. ते सगळ्या खेळांना मिळून, पण मोठा वाटा फुटबॉलचा.

म्हणून आता कोच नोकरी घेण्याआधी पगारापेक्षा दुसऱ्या गोष्टी विचारतो. माझ्या असिस्टंट कोचेसना किती द्याल? खेळाडूंच्या पैशाचं काय? किती वर्षं मला हात लावणार नाही? मुलाखत दोन्ही बाजूंनी असते, आणि हरणाऱ्या कॉलेजची जास्त कडक होते.

लॉरेन्सवासी

माझ्या गावचं उदाहरण इथे आलंच पाहिजे. कॅन्सस विद्यापीठ, लॉरेन्स. बास्केटबॉलचं माहेरघर, आणि फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं तळाशी.

आम्ही नाव विकत घेऊन पाहिलं, एकदा सोडून दोनदा. २०१२ ला चार्ली वाइस आणले. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये टॉम ब्रेडीचं आक्रमण चालवलेला, नंतर नोत्र दामचा हेड कोच राहिलेला माणूस. तिसऱ्या सीझनच्या मध्यात काढले तेव्हा ६-२२. २०१९ ला लेस माइल्स आणले, एलएसयूला (लुइझियाना स्टेट) राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेले. ३-१८, आणि शेवटचा सीझन ०-९. दोन्ही वेळा पहिल्या पत्रकार परिषदेला गर्दी, टोप्या-टीशर्टची विक्री, स्थानिक पेपरात पहिलं पान. दोन्ही वेळा दुसऱ्या वर्षापर्यंत स्टँड रिकामे.

मग एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे कोच नेमायचा मोसम कधीच उलटून गेल्यावर, लान्स लायपोल्ड आले. बफेलोहून. त्याआधी विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात आठ वर्षांत १०९-६ आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं. तिथे शिष्यवृत्ती देता येत नाही, मुलं स्वतःची फी भरून खेळतात. अशा ठिकाणी जिंकत राहायचं तर नीट शिकवावंच लागतं, दुसरा मार्ग नसतो.

पहिल्या वर्षी २-१०. पण त्या दोनपैकी एक मॅच मी मरेपर्यंत विसरणार नाही. १३ नोव्हेंबर २०२१, ऑस्टिनमध्ये, टेक्सासविरुद्ध, ओव्हरटाइम. आम्ही एका गुणाने मागे. एक गुण घेऊन बरोबरी करता आली असती. लायपोल्डनी दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. बॉल गेला जॅरेड केसीकडे, शिष्यवृत्ती नसलेला, बेंचावरचा मुलगा. त्याने पकडला. ५७-५६. आईवडील स्टँडमध्ये होते. बातम्यांत त्यांचे चेहरे दाखवले तेव्हा माझी बायको, जिला या खेळात काडीचा रस नाही, डोळे पुसत होती.

२०२३ ला ९-४. हेही प्रामाणिकपणे लिहितो की गेले दोन सीझन ५-७ झालेत, गाडी थोडी अडकली आहे. पण आमच्याकडे आज कोणी लायपोल्डना काढा म्हणत नाही. ०-९ बघितलेल्यांना ५-७ ची किंमत कळते.

शेजारच्या कॅन्सस स्टेटची गोष्ट तर याहून जुनी. १९८९ ला बिल स्नायडर तिथे गेले तेव्हा त्या टीमने सलग २७ मॅचेसमध्ये एकही जिंकलेली नव्हती. स्नायडर कोण? आयोवाचे असिस्टंट कोच. आज स्टेडियमला त्यांचं नाव आहे.

प्राजक्त

मी बोल्डरहून. थोडी असहमत.

नावाला काहीच किंमत नाही असं म्हणू नका. कोलोराडो २०२२ ला १-११ होती. डिसेंबरात डीऑन सँडर्स आले आणि २०२३ ची सीझन तिकिटं मॅच खेळायच्या आधी संपली. आम्ही इतकी वर्षं इथे राहतोय, शनिवारी गावात हॉटेलची खोली मिळत नाही ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा पाहिली. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं पर्ल स्ट्रीटजवळ छोटं कॅफे आहे. त्या शरद ऋतूत त्यांनी दोन माणसं जास्त ठेवली. २०२४ ला ९-४, आणि ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. मुलगा एकाच मॅचमध्ये आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळायचा, हे डोळ्यांनी पाहिलंय.

पण हेही खरं: हंटर आणि कोचचा मुलगा शेडर दोघं गेले आणि २०२५ ला ३-९. नावामुळे माणसं आली, ती टिकवणारा पाया नंतर घालायचा राहिला. तरी मी पुन्हा निवडायचं झालं तर डीऑनच निवडेन. १-११ च्या वर्षी स्टेडियममध्ये बसून पाहा म्हणजे कळेल.

केरी_एनसी

नॉर्थ कॅरोलायनात आम्ही सर्वांत मोठं नाव आणलं. बिल बेलिचिक, एनएफएलमध्ये (प्रोफेशनल लीग) हेड कोच म्हणून सहा सुपर बोल जिंकलेले, वर्षाला १० मिलियन. पहिलीच मॅच, लेबर डेची रात्र, चॅपल हिल खचाखच. टीसीयूने (टेक्सास ख्रिश्चन) ४८-१४ हरवलं. सीझन ४-८. आधीच्या वर्षी ६-७ होतो.

माझा मुलगा तिथे शिकतो. तो म्हणाला, आई, मध्यंतराला निम्मी मुलं निघून गेली. अजून वेळ द्यायला हवा, मान्य. पण एनएफएलमध्ये जिंकणं आणि अठरा वर्षांच्या मुलाला तुझ्याकडेच का यावं हे पटवणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

वाचनवेडी

खेळाच्या चर्चेत हा सूर वेगळा वाटेल, पण लिहितेच. मी एका सरकारी विद्यापीठात शिकवते, नाव देत नाही. आमच्याकडे फुटबॉल कोचला काढताना जेवढी रक्कम दिली त्याच वर्षी आमच्या विभागात दोन रिकाम्या जागा भरायच्या नाहीत असं पत्र आलं. दोन्ही पैसे वेगळ्या खात्यांतले असतात हे मला समजावून सांगितलं गेलं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण माझे पीएचडीचे विद्यार्थी ते पत्र वाचत होते आणि खिडकीबाहेर नवीन सराव मैदानावर क्रेन उभी होती.

'मोठा कोच येईल का' हा प्रश्न विचारताना 'आणि त्यासाठी आपण काय काय सोडायला तयार आहोत' हाही विचारा एवढीच विनंती.

बॉइलर_पुणेकर

@वाचनवेडी, वेगळा सूर नाही, अगदी योग्य जागी आहे. मी स्वतः पर्ड्यूच्या लॅबमध्ये टीए (शिकवण्याचा सहायक) म्हणून महिना काढलेला माणूस आहे. बिग टेनमध्ये टीव्हीचे पैसे आता इतके येतात (२०२३ पासूनचा करार सात वर्षांचा, ७ बिलियनच्या घरातला) की फुटबॉल स्वतःचा खर्च स्वतः काढायला हवा, ही अपेक्षा मी तरी ठेवतो. कोच काढण्याचा खर्च हा मुख्यतः घाईने केलेल्या करारांचा दंड आहे. एका चांगल्या सीझननंतर घाबरून दहा वर्षांची मुदतवाढ द्यायची आणि तीन वर्षांनी ती मोडायला पैसे भरायचे. तो पैसा खरंच कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

सह्यकडा

व्हर्जिनिया टेकचा माजी विद्यार्थी. या धाग्यावरचं सर्वांत ताजं उदाहरण आमचं असावं.

आम्ही २०२५ ला ३-९. कोच ब्रेंट प्राय यांना ०-३ झाल्यावर सप्टेंबरातच काढलं. आणि नोव्हेंबरात जेम्स फ्रँकलिन आले. पेन स्टेटने त्यांना ऑक्टोबरात काढलं, पण आदल्याच सीझनला त्यांनी पेन स्टेटला राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेलं होतं. त्याआधी व्हँडरबिल्टसारख्या ठिकाणी लागोपाठ दोन वर्षं ९-४. म्हणजे सर्वार्थाने मोठा कोच, ३-९ च्या टीमकडे, स्वतःहून.

का आले? मला विचाराल तर उत्तर नोव्हेंबरात नाही, सप्टेंबरअखेरीस आहे. तेव्हा विद्यापीठाच्या बोर्डाने खेळांसाठी चार वर्षांत २० कोटी डॉलरहून जास्त ज्यादा खर्च मंजूर केला. कोच नव्हता, टीम हरत होती, तेव्हा. आधी तिजोरी उघडली, मग माणूस शोधला. आमच्याकडे इतकी वर्षं नेमकं उलटं चाललं होतं. आमचे जुने कोच फ्रँक बीमर निवृत्त झाल्यापासून प्रत्येक नव्या कोचला सांगायचे, आधी जिंकून दाखव मग बघू.

फ्रँकलिन यशस्वी होतील की नाही हे पुढचे सीझन सांगतील. पण 'येतो का' याचं उत्तर मिळालं.

कोलंबस_४६

@सह्यकडा, शंभर टक्के. इंडियानात हेच झालं. सिग्नेटी एकटे आले नाहीत. बचावाचे ब्रायंट हेन्स, आक्रमणाचे माइक शॅनहन, दोघं जेम्स मॅडिसनहून बरोबर आले. १३ खेळाडू आले. अख्खं बिऱ्हाड आलं म्हणा. ते बिऱ्हाड हलवायचा खर्च करायची तयारी कॉलेजची होती. लोक फक्त 'गूगल करा' लक्षात ठेवतात.

बॉइलर_पुणेकर

आता माझं मत लिहितो, सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचून.

पर्ड्यूला जे दोन कोच लाभले ते आठवा. १९९७ ला जो टिलर वायोमिंगहून आले. आधीची दहा-बारा वर्षं आमची कंगाल गेली होती. त्यांनी बॉल फेकण्यावर भर देणारा खेळ आणला, जो बिग टेनच्या थंडी-वाऱ्यात चालणार नाही असं सगळे म्हणत होते. टेक्सासमधल्या ड्रू ब्रीसला मोठ्या कॉलेजांनी उंची कमी म्हणून घेतलं नव्हतं, तो आमच्याकडे आला. जानेवारी २००१ मध्ये रोझ बोल या मानाच्या मॅचला गेलो. २०१७ ला जेफ ब्रोम वेस्टर्न केंटकीहून आले. आधीच्या कोचचा हिशेब ९-३३ होता. २०२२ ला ब्रोमनी बिग टेनचा पश्चिम विभाग जिंकून दिला.

वायोमिंग आणि वेस्टर्न केंटकी. दोन्ही वेळा दिव्यांचा झगमगाट नसलेल्या ठिकाणाहून, पण तिथे हेड कोच म्हणून स्वतःचं घर चालवून आलेली माणसं. वॉल्टर्स मात्र ३६ व्या वर्षी, इलिनॉयच्या बचावाचे हुशार कोच, हेड कोच म्हणून पहिलीच नोकरी. हुशारी होती. पण बिग टेनमधल्या पडत्या टीमवर पहिलं घर चालवायला शिकणं फार महाग पडतं, त्यांनाही आणि आम्हालाही.

ब्रोम गेले ते लुइव्हिलला. त्यांचं जन्मगाव, त्यांचं कॉलेज, तिथेच क्वार्टरबॅक होते. त्यांना दोष देणं मला कधी जमलं नाही. घरून बोलावणं आलं की माणूस जातो.

आणि ब्रोमच्या काळातली एक रात्र. २० ऑक्टोबर २०१८. ओहायो स्टेट, देशात दुसऱ्या नंबरवर. आमचा एक विद्यार्थी, टायलर ट्रेंट, हाडाच्या कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात, त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की पर्ड्यू जिंकणार. व्हीलचेअरवरून आला. ४९-२०. शेवटच्या क्वार्टरला विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर सुरू झाला आणि तो सगळ्या स्टेडियमभर पसरला. १ जानेवारी २०१९ ला तो गेला. आज स्टेडियमच्या एका दरवाजाला त्याचं नाव आहे. मुलीला परवा ही गोष्ट सांगितली. तिच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं: हो, जिंकायचो.

तर माझं म्हणणं असं. पडत्या टीमकडे चालत आलेलं मोठं नाव बहुतेक वेळा मागे वळून बघत येतं, त्याचे चांगले दिवस संपत आलेले असतात, वाइस आणि माइल्ससारखे. खरा अव्वल कोच पडत्या टीमला मिळतो तो खालच्या पायरीवर, जिथे बाकीचे बघत नाहीत. त्याला ओळखायला अथलेटिक डायरेक्टरची (कॉलेजच्या खेळांचा प्रमुख) नजर लागते आणि आणायला कॉलेजची आधीच झालेली तयारी. ओडम तसे आहेत का? मिझुरीत चार वर्षांत २५-२५, यूएनएलव्हीत १९-८. मला वाटतं आहेत, निदान शक्यता आहे. म्हणून त्यांना तीन वर्षं मिळावीत. व्हँडरबिल्टने क्लार्क ली यांना २०२३ ला २-१० झाल्यावरही ठेवलं. पुढच्याच वर्षी अलाबामाला ४०-३५ हरवून पोरांनी गोलपोस्ट कम्बरलँड नदीत नेऊन टाकला.

कोलंबस_४६

दादा, तीन वर्षांवर एक हरकत. पोर्टलच्या जमान्यात तो जुना हिशेब आहे. सिग्नेटींनी ३-९ ची टीम एका वर्षात ११-२ केली. ओडमनीही निम्म्याहून जास्त टीम नवीन आणली होती, तरी बिग टेनमध्ये एक मॅच नाही. ५६-३ मध्ये मला धडपड दिसली नाही.

बॉइलर_पुणेकर

ही हरकत झोंबली, कारण बरोबर आहे. मी स्टँडमध्ये होतो, मलाही दिसली नाही. पण सिग्नेटींच्या १३ मुलांनी एकमेकांबरोबर आधी वर्षानुवर्षं खेळलं होतं. आमची मुलं पन्नास ठिकाणांहून आलेली, ऑगस्टमध्ये एकमेकांची नावं शिकत होती. म्हणून मी तुमची हरकत मान्य करून एक वर्ष कमी करतो. २०२६ ला निदान तीन-चार बिग टेन मॅच जिंकायला हव्यात, आणि नाही जमलं तर मीच इथे येऊन लिहीन की माझं चुकलं.

लॉरेन्सवासी

पुणेकर, एक वर्ष कमी करू नका. ०-९ नंतर आम्ही २-१० ला ऊर भरून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या खेळाडूंना ऐकू जातात.

कोलंबस_४६

बरं, या वर्षी बादलीची मॅच ब्लूमिंग्टनला आहे. लेकीला घेऊन या. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये आमची दोन कुटुंबं सकाळपासून तवा मांडून असतात, पावभाजी असते आणि बरोबर आल्याचा चहा. तो थर्मासमध्ये ठेवत नाही, तिथल्या तिथे उकळतो. काळी-सोनेरी टोपी घालूनच या.

बॉइलर_पुणेकर

येतो. तिला आत्ताच सांगितलं. म्हणते, टोपी दोन घेऊ, एक थंडीत उडाली तर.